एकट्याचा बाल्डर्स गेट आणि चौघांचा

प्रश्न डिचोलीच्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: 'बाल्डर्स गेट ३ (आपलं पात्र घेऊन एका लांबलचक कथेत खेळायचा व्हिडिओ गेम) एकटा खेळतोय. चाळीस तास झाले, दुसऱ्या अंकात पोचलो. आता तीन मित्र म्हणतात, चौघं मिळून खेळूया. एक मडगावला, एक पुण्यात, एक इंग्लंडमध्ये स्विंडनला. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तिसऱ्या बैठकीला सगळं बारगळलं. मला पुढचं माहीत असतं म्हणून ते चिडतात. वर त्यांच्याबरोबर दंगा करून आलो की माझा एकट्याचा खेळ अळणी लागतो. काय करू? का दुसराच गेम घेऊ?'

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. एकट्याचा खेळ सोडू नकोस. चौघांचा तिसऱ्यांदा सुरू कर, पण त्यात वेगळ्या क्लासचं, म्हणजे वेगळ्या पेशाचं, पात्र घे आणि तोंड बंद ठेव. शनिवार ठरला की शनिवार, बाकीच्या दिवशी त्या सेव्हला हात लावायचा नाही.

मी फोंड्याचा. वय त्रेचाळीस. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून खेळणाऱ्या पिढीतला. २०११ साली स्कायरिम हा गेम आला, आणि पुढचा अख्खा पावसाळा मी त्यात बुडवला. मग २०१७ पासून आम्हा चौघांची टोळी आहे: आधी डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २, आता बाल्डर्स गेट ३. दोन्ही एकाच लॅरियन नावाच्या बेल्जियन कंपनीचे. या वर्षांत आमचीसुद्धा दोन कॅम्पेनं (म्हणजे सुरू केलेले अख्खे डाव) अर्धवट मेली, त्यामुळे तुझं दुखणं ओळखीचं आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट, जी सुरुवातीला कुणी सांगत नाही. या गेममध्ये पार्टीत, म्हणजे एकत्र हिंडणाऱ्या टोळीत, चारच जागा. तू एकटा खेळतोस तेव्हा एक तू आणि तीन सोबती: शॅडोहार्ट, अ‍ॅस्टेरियन, कार्लॅक, गेल, लेझेल, विल यांच्यापैकी कुणीही. निम्मा गेम म्हणजे हीच माणसं. त्यांचं रुसणं, रात्री तंबूत येऊन बोलणं, अचानक पोटातलं सांगणं. आता चार मित्र चार स्वतःची पात्रं बनवून आले की जागा संपल्या. सोबती बिचारे तळावर बसून राहतात. त्यांच्या गोष्टी पुढे सरकायला त्यांना बरोबर घेऊन हिंडावं लागतं, आणि तुम्ही त्यांना नेणार कुठून? म्हणजे चौघांच्या खेळात कथेचा मोठा तुकडा आपोआप गळतो. तो तुला एकट्याच्याच खेळात मिळणार. म्हणून म्हणतो, तो सोडू नकोस. दुसऱ्या अंकात आहेस ना, खरी मजा तिथूनच आहे.

मित्रांपैकी कुणाला सोबत्यांची ओढ असेल तर एक तोड आहे. नवं पात्र बनवण्याऐवजी त्याने सरळ त्या सहांपैकी एकालाच घेऊन खेळावं. गेम ते करू देतो. आमच्यातला एकजण शॅडोहार्ट घेऊन खेळला आणि आठ महिने आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारत होतो. त्याच्या बायकोनेसुद्धा एकदा फोनवर मारली.

आता चौघांच्या खेळात मग मिळतं काय, हे एका रात्रीवरून सांगतो.

पहिल्या अंकात गोब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांची छावणी येते. आमचा बेत असा: त्यांच्या दारूच्या पिंपात गुपचूप विष टाकायचं, ती प्यायली की निम्मी तिथेच आडवी, उरलेली आपली. पाऊण तास खलबत चाललं होतं. स्विंडनवाला (हो, आमचाही एक तिथेच असतो, अर्ध्या गोव्याचं कुणी ना कुणी तिथे आहे) 'रोग' (इंग्रजीतला, म्हणजे चोरटा भामटा) होता, तो लपत लपत पिंपाकडे निघाला. मी बार्ड, म्हणजे गोडबोल्या गवई, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवलेला. तिसरा विझार्ड, म्हणजे जादूगार, वर माळ्यावर. आणि चौथा, आमचा बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या, त्याला खलबताचा कंटाळा आला होता. तो आत गेला होता. आत म्हणजे देवळात, जिथे त्यांची एक सरदारीण दरीच्या काठाला उभी असते. हेडफोनमध्ये एवढंच ऐकू आलं: "अरे, ही अगदी काठावर उभी आहे रे." आम्ही तिघं एका सुरात "नको!" म्हणेपर्यंत त्याने ढकललं होतं. ती दरीत गेली, तिच्याबरोबर तिच्या अंगावरचं चांगलं सामान दरीत गेलं, आणि आत सगळीकडे बोंब झाली. गंमत म्हणजे गेमला त्यात काही वावगं वाटत नाही. लढाई तिथे, त्याच्यापुरती सुरू. मी बाहेर पहारेकऱ्याशी अजून गोडगोड बोलतोच आहे, रोग अजून पिंपापाशी आहे. लांब असलेला खेळाडू लढाईत ओढला जात नाही, तो मोकळा हिंडू शकतो. बार्बेरियन एकटा मार खातोय आणि आम्ही बाहेर शांतपणे दारूत विष कालवतोय. त्या रात्री मी इतका हसलो की वरच्या मजल्यावरून आई उतरून आली, काय झालं बघायला.

असली रात्र एकट्याच्या खेळात येत नाही. तिथे बेत फसला की तू एफ-आठ दाबतोस आणि सेव्ह परत लोड करतोस. चौघांत तो फसलेला बेत हीच कमाई.

आता तुझ्या तक्रारीकडे, की तुला माहीत असतं म्हणून ते चिडतात. तू कधी दशावतारी काल्याला रात्रभर बसला आहेस? पेडण्याकडे, किंवा तुमच्या डिचोलीतही थंडीत होतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण राजा, कोण राक्षस ते ठरतं, आणि उभ्या उभ्या संवाद रचले जातात. पुढे बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला शेवट पाठ असतो. तरी तो पहाटेपर्यंत उठत नाही, कारण आजचा राक्षस काय बोलतो ते त्याला ऐकायचं असतं. तुझी जागा त्या म्हाताऱ्याची आहे. शेवट माहीत असू दे. पण पुढे बसून "आता तो मरणार, आता तो मरणार" असं ओरडणाऱ्याला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

प्रत्यक्षात काय करायचं? पहिलं म्हणजे बोलण्याचं काम दुसऱ्याला दे. बाल्डर्स गेटमध्ये जो आधी जाऊन भिडतो तोच संवाद चालवतो. बाकीचे ऐकू शकतात, कुठला पर्याय आवडला ते खूण करून दाखवू शकतात, पण बटण त्याच्या हातात. तू मागे चाल. तू एकट्यात विझार्ड असशील तर इथे फायटर हो. दार उघडणं, सापळे शोधणं, हेही दुसऱ्याकडे. आणि कुणी सरळ विचारलं, "इथे काही आहे का रे?" तर "बघ की" एवढंच. त्यांनी एखादं तळघर अख्खं सोडलं तरी सोडू दे. माझ्या टोळीने एक फार चांगली तलवार तीन फुटांवरून ओलांडली होती. मी जीभ चावून गप्प बसलो, आणि ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

बोलायला कोणी पुढे जायचं यालाही हिशेब आहे. गेमच्या पोटात डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम चालतात, म्हणजे वीस बाजूंचा फासा अधिक तुझे गुण. समज, कुणाला पटवायला १५ लागतात. बार्डचा करिष्मा १६ म्हणजे अधिक ३, वर पटवण्याचं कसब शिकलेलं म्हणून अधिक २. त्याला फाशावर १० किंवा वर हवेत: शंभरात ५५ वेळा जमेल. बार्बेरियनचा करिष्मा ८ म्हणजे उणे १. त्याला १६ किंवा वर हवेत: शंभरात २५. आणि होतं काय, अंगाने धिप्पाड म्हणून बार्बेरियनच नेहमी पुढे धावतो आणि नको तिथे संवाद त्याच्या गळ्यात पडतो. बार्डला पुढे चालू द्या. कुणाकडे गायडन्स मंत्र असेल तर त्याने बोलणाऱ्यावर टाकावा, चार बाजूंचा आणखी एक फासा मिळतो. अ‍ॅडव्हांटेज असेल, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, तर बार्डचे ५५ चे जवळपास ८० होतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

पार्टी बनवताना मात्र फार शास्त्र करू नका. बारा क्लास आहेत, ज्याला जो आवडेल तो घेऊ दे. "तू हीलर हो" (जखमा भरणारा) म्हणून कुणाला बळेच क्लेरिक, म्हणजे पुजारी, करू नका. गावच्या उत्सवी नाटकात बळेच द्रौपदी केलेला माणूस पुढच्या वर्षी तालमीला येत नाही. तशीही लढाई चालू असताना जखमा भरत बसणं या नियमांत किफायतशीर नसतं. माणूस पडला की हीलिंग वर्ड मंत्राने उठवायचा, किंवा औषधाची बाटली त्याच्या पायाशी फेकायची, ती फुटून जवळच्या सगळ्यांना लागू पडते. आणि क्लास चुकलाच तर तळावरचा विदर्स १०० सोन्याच्या नाण्यांत बदलून देतो.

डिफिकल्टी, म्हणजे अवघडपणा, बॅलन्स्ड ही मधली ठेवा. त्यावरच्या टॅक्टिशियनमध्ये शत्रू कडक होतातच, वर रात्रीच्या मुक्कामाला ४० ऐवजी ८० शिधा लागतो आणि चौघांचा वेळ पिंपं-पेट्या उघडण्यात जातो. ऑनर मोडचं तर नावच काढू नका. त्यात एकच सेव्ह, पार्टी खलास झाली की ऑनरचा डाव संपला. मैत्रीवर तेवढा भार टाकायला ती मुरलेली लागते.

आता तिसऱ्या बैठकीला का बारगळतं. तू लिहिलं नाहीस, पण मी सांगतो. पहिली बैठक पात्रं बनवण्यात गेली असेल, एकजण नाकाचा आकार निवडत बसला असेल. दुसरी जोरात झाली. तिसऱ्या वेळी एकाने ऐनवेळी "आज नाही जमत" म्हटलं आणि बाकीचे म्हणाले, पुढच्या वेळी. ती पुढची वेळ आलीच नाही. हो ना?

साधा हिशेब कर. हा गेम नीट खेळायला शंभर तास सहज लागतात. आठवड्याला तीन तास धरले तर तेहेतीस आठवडे. गणेशचवथीची माटोळी उतरल्यावर सुरू केलंत तर शेवट येईतो आंबे-फणस येतील. एवढ्या लांब पल्ल्यात कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा, कुणाची रात्रपाळी हे येणारच. म्हणून आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं: तिघं आले की खेळायचं. न आलेल्याचं पात्र होस्टच्या (ज्याच्या मशीनवर सगळ्यांचा खेळ चालतो त्याच्या) ताब्यात येतं, ते लढतं, पण त्याच्या नावाने कुणाशी बोलायचं नाही आणि त्याच्या थैलीतलं काही विकायचं नाही. दोघंच आले तर गप्पा मारायच्या आणि झोपायचं. पुढे एकजण कायमचा गळला तर त्याला काढण्याचीही सोय आहे: विदर्सपाशी एक कपाट मिळतं, त्यातून मित्राचं पात्र बाजूला ठेवता येतं. त्या जागी मग सोबत्याला घ्या.

स्विंडनवाल्याचं घड्याळ लक्षात ठेव. हिवाळ्यात तो आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. आमच्याकडे रात्री साडेनऊची वेळ ठरलेली, आणि पहिल्या वर्षी ऑक्टोबर संपताना आम्ही तिघं तासभर त्याला शिव्या देत बसलो होतो. तो बापडा त्याच्या मते वेळेवर आला. त्याच्यासाठी संध्याकाळ असते, त्याला अजून दोन तास खेळायचे असतात. आपण मात्र "एवढी एक लढाई" करत करत पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू ऐकतो. उठायची वेळ आधी ठरवा. आमची साडेबाराची आहे. लढाई अर्धी असली तरी सेव्ह करून उठायचं. लढाईच्या मध्येही सेव्ह होतो.

यंत्रसामग्रीचं पटकन. जागा १५० जीबी लागते. ५० एमबीपीएसच्या लाइनवर तेवढं उतरायला साडेसहा-सात तास, तेही लाइन नीट चालली तर. म्हणून मडगाववाल्याने उतरवून घेतलंय तर बाहेरून जोडायची एसएसडी डिस्क घेऊन त्याच्याकडे जा, स्टीमच्या (गेम जिथून विकत घेतो त्या ऑनलाइन दुकानाच्या) फोल्डरमधून कॉपी करून आण. मात्र कॉपी केली म्हणून फुकट खेळता येत नाही, प्रत्येकाच्या खात्यावर गेम विकत घेतलेला हवा. एकाच खोलीत दोघं असाल तर स्प्लिट-स्क्रीनवर (एकच पडदा दोघांत वाटून) एका प्रतीत भागतं. एकाकडे पीसी आणि दुसऱ्याकडे प्लेस्टेशन असं असलं तरी आता चालतं, एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचपासून क्रॉसप्ले आहे. मॉड (लोकांनी बनवलेले फेरफार) टाकलेत तर चौघांकडे तेच हवेत, नाहीतर जोडणीच होत नाही. पहिल्या खेपेला मॉड टाकूच नका.

होस्ट कोण? ज्याच्याकडे लाईट जात नाही तो. होस्ट तुटला की सगळ्यांचा खेळ तुटतो. जून ते सप्टेंबर डिचोलीत काय असतं ते मी सांगायला नको. लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटरला नसते. राउटरपुरता छोटा यूपीएस घे, त्या एका डबीने आमचा एक पावसाळा वाचवला. पुणेकराला होस्ट केलंस तर आणखी उत्तम. पिंगची, म्हणजे जोडणीतल्या उशिराची, काळजी इथे करू नकोस. पाळीपाळीने चालणारी लढाई आहे, स्विंडनहून थोडा उशीर झाला तर कुणाचं डोकं उडत नाही. बोलणं डिस्कॉर्ड ॲपवर घ्या आणि पुश-टू-टॉक लावा, म्हणजे बटण दाबलं तरच आवाज जातो. पत्र्यावरचा पाऊस, कुत्रं आणि बाजूच्या खोलीतली मालिका, तिन्ही मिळून पुणेकराला वाटतं की आपण रणांगणातूनच बोलतोय.

दुसरा गेम घ्यावा का? तुम्ही चौघं आहात हे विसरू नकोस. एल्डन रिंगचं नाव सगळे घेतात. एकट्याने खेळायला तो अप्रतिम आहे, पण त्याची मैत्री विचित्र आहे. जमिनीवर खूण उमटवायची, मित्राने ती उचलून आपल्याला बोलवायचं, आणि मोठा राक्षस मेला की पाहुणा परत आपल्या घरी. तुझ्या जगात तो राक्षस अजून जिवंतच. सोबत असताना घोड्यावर बसता येत नाही. पाहुणे दोनच घेता येतात, म्हणजे तुमच्यातला एक बाहेर. शिवाय तिथे क्षणाक्षणाचा खेळ आहे, स्विंडन-डिचोली अंतर तिथे जाणवतं. २०२५ चा एल्डन रिंग नाइटरेन खास सोबत खेळायला काढला, एक फेरी तासाच्या आत आटपते, पण तोही तिघांचाच. डायब्लो ४ चौघांना चालतो, मारत सुटायचं आणि गप्पा मारायच्या. कथा कुणी ऐकत नाही. व्हॅलहाइममध्ये दहा जण मावतात, घरं बांधायची हौस असेल तर बघा. शनिवार पाळणं तुम्हाला जमणारच नसेल तर डायब्लो घ्या, त्यात कुणी गळलं तरी अडत नाही. पण तुझ्या लिहिण्यावरून वाटतं, तुम्हाला एकत्र गोष्ट हवी आहे. मग बाल्डर्स गेटच.

राहिला तुझा एकट्याचा खेळ अळणी लागतो तो प्रश्न. मला वाटतं, तू तो मित्रांच्या वेगाने खेळतो आहेस. दंगा करून आलास की त्याच रात्री एकट्याची सेव्ह उघडू नकोस, मध्ये दोन दिवस जाऊ दे. आणि एफ-आठची सवय मोड. फासा मनासारखा पडला नाही की लोड, पुन्हा टाक, पुन्हा लोड. असं केलं की तुझा नायक कधी हरत नाही आणि मग त्याच्याशी तुझं काही नातंही उरत नाही. एका बैठकीत एकदाच लोड करायची मुभा, असं मी स्वतःला घालून घेतलं. तिसऱ्याच दिवशी एका आईला तिच्या मुलाबद्दल खोटं सांगताना फाशावर १ पडला. १ पडला की गुण कितीही असोत, फसलंच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. ते मी लोड केलं नाही. तळावर परतल्यावर सोबती त्यावर बोलतील असं वाटलं होतं, कुणी बोललं नाही. मी खुर्चीतून उठून पाणी प्यायलो, आणि त्या रात्री पुढे खेळलो नाही.

तर येत्या शनिवारी पात्रं शुक्रवारीच घरी बसून ठरवून या, नाकासकट. पहिल्या रात्री उडत्या जहाजातून किनाऱ्यावर पडता तिथपर्यंतच खेळा आणि उठा. बार्बेरियन कोण घेणार ते आधी विचारून घे, आणि त्याला दरीच्या काठापासून लांब ठेव.